पाकिटावरचं बोळकं

कावेरीबाईला हसायचा कंटाळा आला होता. लोकांना काम करून कंटाळा येतो, नाहीतर रिकामं बसून येतो. हिला हसून हसून आला होता. आणि आता पुरे म्हणायची सोय नव्हती, कारण त्या हसण्यावर लोहा गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये अकरा बायकांचा रोजगार चालला होता. त्यातली एक तिची स्वतःची सून, राजकन्या.

झालं होतं असं. चार वर्षांमागं तिच्या दिराचा पोरगा भारत याचं मोबाइलचं दुकान बसलं. आता काय करावं म्हणून तो गावाकडं आला, तेव्हा कावेरीबाई पडवीत जात्यावर तूर भरडत बसली होती. भारतला कुणीतरी सांगितलं होतं की शहरातल्या लोकांना चकचकीत डाळ नकोशी झालीय, गावरान पाहिजे. त्यानं मोबाइल काढला अन् म्हणाला, "मोठीमाय, जरा हास बरं."

"हासू कशानं? तोंडात काय उरलंय का?" ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू फुटलं. ते बोळकं भारतनं टिपलं. महिन्याभरात ते पाकिटावर आलं. खाली लाल अक्षरात, 'कावेरीआजीची गावरान तूरडाळ'.

आता ह्यातली गंमत ऐका. हीच कावेरीबाई तरुणपणी घरची डाळ पाटीत घेऊन लोह्याच्या बाजारात बसायची, तेव्हा नोकरदारांच्या बायका बोटानं डाळ उलथीपालथी करायच्या अन् म्हणायच्या, "शी, किती मळकट." शेजारच्या दुकानातली मिलची पिवळीधमक, तेल पाजलेली डाळ घेऊन जायच्या. पाटी तशीच डोक्यावर घेऊन ही घरी यायची. त्याच बायकांच्या सुना-नातींना आता मळकट डाळ पाहिजे होती, आणि त्यासाठी त्या दुप्पट भाव मोजत होत्या. कालाय तस्मै नमः म्हणतात ते उगीच नाही.

पहिलं वर्षभर डाळ खरोखर जात्यावरचीच होती. कावेरीबाई आणि गल्लीतल्या बाया तूर भिजवायच्या, वाळवायच्या, भरडायच्या, पाखडायच्या. मग मागणी वाढली. पुणे, संभाजीनगर, हैदराबाद. जात्याला काय मोटार असते? भारतनं लातूरहून मिलची बिनपॉलिशची डाळ आणायला सुरुवात केली. डाळ चांगली होती, खोटं कशाला बोला. शेडमधल्या बाया ती निवडून पाकिटात भरायच्या. फक्त पाकिटावरचं जातं तसंच राहिलं, अन् जात्यामागची म्हातारीही.

कावेरीबाई एकदाच बोलली होती. "भारत, ही माझी डाळ न्हाई रे."

"मोठीमाय, बिनपॉलिश ते बिनपॉलिश. हातानं काढली काय अन् मिलमधी काढली काय. नाव तर तुझंच हाय ना?"

आपलेच दात अन् आपलेच ओठ. ती गप्प बसली. खरं म्हणजे तिला दातही नव्हते, अन् तिचं सगळं दुखणं तिथंच होतं.

पाच वर्षं तिनं भाकर चावून खाल्ली नव्हती. दुधात कुस्करलेली, वरणात भिजवलेली, पातळ पातळ. भाजलेल्या शेंगा पोरं फोडून खायची आणि ही टरफलं गोळा करायची. कडक भाकरीचा पापुद्रा, त्यावर ठेचा, वर कांदा फोडून, एवढंच तिला पाहिजे होतं. कुणी म्हातारपणी काशी मागतं, हिनं कवळी मागितली. श्रावणात भारतनंच तिला नांदेडला नेलं, डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्यात तोंडाचं माप दिलं. दिवाळीला कवळी तयार झाली. डॉक्टरांचा फोन आला, घेऊन जा.

पण तोवर भारतच्या ध्यानात आलं होतं की आपण काय करून बसतोय; कवळी बसली की पाकिटावरचं बोळकं गेलं. आधी तो म्हणाला, नव्या पाकिटाचा फोटो होऊ दे. मग म्हणाला, पुण्याचं प्रदर्शन होऊ दे. पुण्याला स्टॉलवर एका बाईनं पाकीट हातात धरून कावेरीबाईच्या गालाशी लावलं होतं अन् म्हणाली होती, "आजी, हसा ना, मला बघू द्या तुम्ही त्याच आहात का." गाय विकत घेताना सुद्धा माणूस एवढं बघत नाही. कावेरीबाई हसली. बाईनं चार पाकिटं घेतली.

"मोठीमाय, लोकायचा आता कशावरच इस्वास न्हाई," भारत परतताना गाडीत म्हणाला होता. त्याचेही डोळे ओढलेले होते. दिवसभर त्याच्या मोबाइलवर गिऱ्हाइकांचे प्रश्न यायचे. आजी खऱ्या आहेत का? आजींना किती देता? जातं कोणत्या दगडाचं? "पयले गिऱ्हाईक भाव इचारायचं, घासाघीस करायचं, अन् घेऊन जायचं. आता त्याला डाळ नको, खातरी पाहिजे. अन् खातरी म्हंजे तुझं हासनं हाय. येळवस होऊ दे. मंग मीच नेतो तुला, आईशप्पथ."

येळवशीला भारतनं पाहुणे बोलावले होते. वेळ अमावस्या म्हणजे आपल्याकडं गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची, आणि पालेभाज्या-हरभऱ्याची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर पोटाला तडस लागेस्तोवर खायची. रस्त्यानं जाणारालाही हाक मारून जेवायला बसवायचं. हा सण आता शहरातल्या माणसांना 'अनुभव' म्हणून दाखवायचा, ही भारतची कल्पना. दोन गाड्या भरून नऊ माणसं आली.

त्यांच्यात धम्मप्रिया नावाची एक पोरगी होती. मूळची नांदेडची, नोकरीला पुण्यात. खाण्यापिण्याच्या वस्तू पारखून त्या खऱ्या की खोट्या हे मोबाइलवर सांगायचा तिला नाद होता, आणि तिचं ऐकणारे लाखभर लोक होते म्हणे. पोरगी मात्र गुणी निघाली. बाकीचे खुर्च्या शोधत होते, ही येऊन कावेरीबाईच्या मांडीला मांडी लावून कडब्यावर बसली. तिनं राजकन्येला ताटं वाढायला मदत केली, तिचा फोन नंबर घेतला. कावेरीबाईच्या हाताकडं बघत म्हणाली, "आजी, तुम्ही पण जेवा ना आमच्याबरोबर."

"जेवते की, माय," कावेरीबाई म्हणाली अन् आंबिलीचा गिलास तोंडाला लावला.

समोर नऊ जणं भज्जीतले हरभरे चावत होती, उंडे मोडत होती. एक गडी तर हिरव्या कांद्याची पात कराकरा खात होता. त्या आवाजानं कावेरीबाईच्या जिभेला पाणी सुटलं आणि एकदम तिला राग आला. त्या गड्याचा नाही, भारतचा नाही, नेमका कुणाचा ते तिला कळेना. तेवढ्यात भारतनं लांबून खूण केली, आणि ती पाहुण्यांसाठी शेतात आणून मांडलेल्या जात्याशी जाऊन बसली. मूठ मूठ तूर टाकून दहा मिनिटं भरडली. मोबाइल समोर आले तशी हसली. खांदा दुखत होता.

पाहुणे निघाले, आणि तिथं कावेरीबाईच्या हातून ती चूक झाली. चूक म्हणायची का ते तुम्हीच ठरवा. भारतनं बांधावर टेबल मांडून पाकिटं विकायला ठेवली होती, लोकांनी ती घेतलीही. पण येळवशीला शेतात जेवलेला माणूस रित्या हातानं वाटेला लावायचा नसतो. त्याला वाणवळा द्यायचा असतो, घरच्या जिन्नसाचा. पाकीट विकलं म्हणजे वाणवळा होत नाही. कावेरीबाईनं राजकन्येला घरी पिटाळलं अन् गेल्या उन्हाळ्यात स्वतः भरडलेल्या डाळीचा डबा आणवला.

"आत्याबाई, भाऊजीला एकदा इचारू का?" राजकन्या दबकत म्हणाली.

"वानवळा द्यायला इचारतेत का कुठं, येडे?"

भारत तेव्हा गाड्या वळवून देत होता. कावेरीबाईनं प्रत्येकाच्या पिशवीत शेर शेर डाळ ओतली. धम्मप्रियाला जरा जास्तच. देताना तिला फार बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच ती कुणी न सांगता हसली.

चौथ्या दिवशी भारत आला. नेहमी दारातून 'मोठीमाय' करत येणारा माणूस, मुकाट्यानं येऊन भिंतीशी टेकला. राजकन्या त्याच्या मागंच होती, शेडमधून दुपारीच परत आलेली.

"वानवळा दिलास?"

"दिला. का रं?"

त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. धम्मप्रिया बोलत होती. तिच्यासमोर दोन वाट्या होत्या. एका वाटीत पाकिटातली डाळ, एकसारखी, स्वच्छ. दुसऱ्या वाटीत कावेरीबाईची. तिच्यात साल चिकटलेली, निम्म्या फाका फुटलेल्या, कडुलिंबाचा वाळला पाला, आणि मधूनच एक सोंडा किडा चालत निघालेला. धम्मप्रिया फार वाईट वाटून बोलत होती. ही बघा पाकिटातली, आजींची खरी डाळ, ती म्हणत होती. आणि ही बघा शेतावर आजींच्या हातून आमच्या पिशवीत घातलेली. इतक्या भोळ्या आजींना पुढं करून त्यांच्याच हातून पाहुण्यांना कचरा वाटायचा, याला काय म्हणायचं? कंपनीनं उत्तर द्यावं.

कावेरीबाईला आधी काही उमगलंच नाही. मग तिनं विचारलं, "कचरा कशाला म्हनून राहिली ती?"

"तुझ्या डाळीला."

"लिंबाच्या पाल्याला कचरा म्हनते? अरे, पाला नसता घातला तर सगळ्या डाळीला सोंडे झाले असते!"

"मला म्हाईत हाय गं, मोठीमाय." भारत डोकं धरून बसला. "लोकायला मळकट पाहिजे, पण सोच्छ मळकट पाहिजे. जात्याची पाहिजे, पण मिलच्यावानी एकसारखी पाहिजे. दोन दिसात निम्मे पार्सल वापस आले. नांदेडच्या दुकानदारानं माल उचला म्हनून फोन केला. आज मी सहा बायांना घरी बस म्हनलं."

राजकन्या खाली बघत उभी होती. त्या सहांत ती होती.

"मंग सांग की त्यांना," कावेरीबाई म्हणाली, "तीच माझी डाळ हाय म्हनून."

"सांगतो. अन् मंग पाकिटातली कोणाची म्हनू?"

तीन वर्षं ती गप्प बसली होती. आता तोंड उघडून काय सांगणार? भारतनं हळूहळू, तिच्याकडं न बघता, काय करायचं ते सांगितलं. दोनच वाक्यं. ती डाळ माझी नव्हती. चुकून भलतीच पिशवी गेली.

"माझ्या हातची डाळ माझी न्हाई म्हनू?"

"म्हन, मोठीमाय. अकरा घरं हायत."

पडवीत त्याच जात्याशी तिला बसवलं. मोबाइल समोर आला. कावेरीबाईनं पदर सारखा केला, एकदा राजकन्येकडं पाहिलं आणि म्हणाली, "ती डाळ माझी न्हाई. चुकून भलतीच पिशवी गेली." आवाज तिचा तिलाच परका वाटला. उन्हाळाभर पाखडून पाखडून धरलेले खांदे, तुरीच्या फोलानं सोलवटलेली बोटं, सगळं तिनं एका दमात परक्याच्या दारात टाकून दिलं होतं. पोटचं लेकरू माझं नाही म्हणावं, तसं झालं तिला.

"झालं," भारत म्हणाला. "फकस्त शेवटी जरा हास."

ती हसली.

लोकांना पटलं. का नाही पटणार? आजी स्वतः सांगत होत्या, आजी हसत होत्या. दोन दिवसांत पार्सलं पुन्हा सुरू झाली, राजकन्या कामावर गेली. कावेरीबाईला मात्र पातळ वरणही गिळेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडं बदललं, कुणाला न विचारता एसटीत बसली आणि नांदेडला उतरली. रिक्षावाल्याला म्हणाली, "दाताच्या डॉक्टरकडं सोड, बाबा."

डॉक्टरांनी कपाटातून डबी काढली. कवळी बसवली, दोन ठिकाणी घासली, पुन्हा बसवली. चार दिवस मऊ खा म्हणाले, आवाज थोडा बदलेल, बिचकू नका. मग आरसा दिला. कावेरीबाईनं पाहिलं तर आत बसलेले गाल वर आले होते, हनुवटी जागेवर गेली होती. ही बाई तिच्या ओळखीची होती. लोह्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची ती हीच. कावेरीबाईला रडूच आलं, अन् डॉक्टरांना वाटलं कवळी टोचतेय.

"अगं माय! वळखूच येईनात तुमी," राजकन्या दारात थबकून म्हणाली. तिनंच भिऊन भारतला फोन केला. तो म्हणाला, राहू दे, आता फोटो आहे, व्हिडिओ आहे. कुणी भेटायला आलं तर आजी आजारी आहेत म्हणू. रागावलाही नाही. एवढं सोपं होतं तर दिवाळीपासून मला का रे तंगवलंस, असं कावेरीबाईच्या मनात आलं, पण विचारायचा तिच्यात जोर नव्हता.

चार दिवसांच्या जागी तिनं आठ दिवस मऊ खाल्लं. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, राजकन्येनं चुलीवर ज्वारीची भाकर केली अन् तव्यावर पापुद्रा कडक होईस्तोवर ठेवली. ठेचा रगडला, कांदा बुक्कीनं फोडला. कावेरीबाई ताटावर बसली, आणि राजकन्येचा फोन वाजला. पडद्यावर धम्मप्रियाचा चेहरा होता.

"वहिनी, आजी आहेत का? मी त्यांचा व्हिडिओ पाहिला. मला काही तो पटत नाहीये. त्या दिवशी त्यांनी किती मायेनं डाळ घातली होती पिशवीत. मला वाटतं त्यांना कुणीतरी बोलायला लावलं. मला खरं काय ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय. मी कुठं छापणार नाही, दाखवणार नाही."

राजकन्या फोन बंद करू लागली. पण कावेरीबाईनं हात पुढं करून फोन घेतला. एवढ्या दिवसांत कुणीतरी विचारलं होतं.

"ती डाळ माझीच, माय," ती म्हणाली. "म्या भरडलेली. पाला म्याच घातला. पाकिटातली मिलची हाय. म्या खोटं बोलले, ह्या पोरीच्या रोजगारापायी."

धम्मप्रिया पडद्यातून निरखून पाहत होती. मग ती अगदी अदबीनं म्हणाली, "काकू, तुम्ही सांगताय ते खरं असेलही. पण मला खुद्द आजींशी बोलायचं होतं. जरा आजींना फोन देता का?"

"अगं, मीच हाय ना ती."

"काकू, प्लीज. मी भेटलेय त्यांना. शेजारी बसून जेवलेय मी त्यांच्या." ती दुखावल्यासारखी हसली. "कंपनीनं तुम्हाला बोलायला सांगितलंय का? तुम्ही आजींना द्या फोन, मी एका नजरेत ओळखते त्यांना."

राजकन्या समोरून तोंडाकडं बोट करून खुणावत होती. काढा, काढून दाखवा. एवढंच करायचं होतं. कवळी काढायची, बोळकं पसरायचं, की लगेच खातरी पटली असती. कावेरीबाईचा हात तोंडापर्यंत गेलाही. आणि तिथंच थांबला. पुण्याच्या स्टॉलवर गालाला टेकलेलं पाकीट तिला आठवलं. खोटं बोलले तेव्हा हसायचं, खरं बोलले तरी हसूनच दाखवायचं. ती थकली होती, फार थकली होती.

"त्या जेवायला बसल्यात," ती म्हणाली.

"बरं, मग मी थांबते ना पाच मिनिटं."

"पाच मिनिटात व्हायचं न्हाई, बाई. लई दिसाच्या उपाशी हायत त्या."

तिनं फोन राजकन्येच्या हातात दिला, ताट पुढं ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.